लाल पेन्सिल कुणाच्या हाती

दॉकसिम वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी लिहायला शिकली आणि एक्याऐंशीव्या वर्षी तिनं लिहिणं सोडलं. गावात कुणी म्हणतं डोळे गेले, कुणी म्हणतं बक्षीस मिळालं तशी डोक्यात हवा गेली. दोन्ही खोटं आहे. डोळे तिचे अजून सुईत दोरा ओवण्याइतके शाबूत आहेत.

खरं तर दॉकसिम हे नावच गावाला ठाऊक नव्हतं. माहेर बोसोंगचं म्हणून ती बोसोंगवाली. शेजारीण हादोंगहून लग्न होऊन आलेली, म्हणून ती हादोंगवाली. साठ वर्षं दोघींच्या अंगणांच्या मधे कमरेइतकी एक दगडी भिंत, आणि तिच्यावरून मीठ, विस्तव, भांडणं आणि पोरंबाळं इकडून तिकडं जात आली. हादोंगवाली दोन वर्षांनी मोठी, म्हणून दॉकसिम तिला अक्का म्हणायची.

गावच्या सभाघरात अक्षरवर्ग निघाला तेव्हा अक्कानंच तिला ओढत नेलं. मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी दोन ते चार. नऊ म्हाताऱ्या, बैठी मेजं, आणि शिकवायला ग्वांगजू शहरातून गाडी चालवत येणाऱ्या नामबाई. वय चाळिशीच्या आसपास, आवाज गोड, आणि प्रत्येकीला 'आई' म्हणायची सवय. म्हाताऱ्या पाघळल्या. ज्यांच्या सुनासुद्धा त्यांना धड हाक मारत नव्हत्या, त्यांना आठवड्यातून दोनदा कुणीतरी आई म्हणत होतं. पहिल्या दिवशी बाईंनी फळ्यावर नऊ जणींची खरी नावं लिहिली, तेव्हा दॉकसिम आपल्या नावाकडे बराच वेळ बघत बसली होती.

पहिलं वर्ष अक्षरांत गेलं, दुसरं ओळींत. तिसऱ्या वर्षी बाई म्हणाल्या, "आता आपण आपलं लिहिलेलं आपणच सुधारायला शिकणार."

"सत्तर वर्षं उशिरानं लिहायला लागले, आणि आता लिहिलेलं खोडू?" हादोंगअक्का म्हणाली. "मग लिहायचं तरी कशाला, बाई? कोरा कागदच देते, घ्या."

सगळ्या हसल्या. बाईही हसल्या. "आई, मुळ्याची रोपं उगवली की तुम्ही विरळ करता ना?"

"न करून कसं चालेल? एकही धरणार नाही."

"तसंच हे."

बाई शहरच्या खऱ्या, पण शिकवायची हातोटी होती, हे मान्य करायला हवं. त्यांनी पद्धत घालून दिली. आधी मनात येईल ते सगळं लिहून टाकायचं. लाज, भीती, चूक, कशाचा विचार करायचा नाही, कारण हा कागद कुणी बघणार नाही. मग तो तीन दिवस नजरेआड ठेवायचा. तीन दिवसांनी काढून मोठ्यानं वाचायचा आणि जिथं श्वास अडखळेल तिथं टिंब द्यायचं. मग जोडीदारणीला वाचून दाखवायचा. तिनं ऐकलं तसं परत सांगायचं, म्हणजे लिहिलंय काय आणि पोचलंय काय ते कळतं. आणि सगळ्यात शेवटी लाल पेन्सिल. जे घडलंच नाही ते खोडायचं, जे दोनदा आलंय ते एकदा खोडायचं, आणि ज्या माणसाचं नाव लिहिलंय ते माणूस शेजारी बसलंय असं समजून पुन्हा वाचायचं.

"आणि एक," बाई म्हणाल्या. "लाल पेन्सिल फक्त लिहिणारीच्या हातात. जोडीदारीण सुचवेल, मी सुचवेन, पण खोडायचं की ठेवायचं हे तुम्हीच ठरवायचं. तुमच्या कागदाला मीसुद्धा हात लावणार नाही."

दॉकसिमला हे फार आवडलं. तिनं आयुष्यात ठरवलेलं असं होतंच काय? नवरा बापानं ठरवला, पीक नवऱ्यानं, आणि मुलींची नावं सासऱ्यानं. तिसरीचं नाव त्यानं मालसुक ठेवलं. 'माल' म्हणजे शेवट. आता मुलगी नको, पुरे, असं वर कळवायला ठेवलेलं नाव. त्या नावाच्या पोरीनं पुढं ग्वांगजूत भाज्या-लोणच्यांचं दुकान काढलं, आणि तिन्ही मुलींत आईकडे नेमानं येणारी तीच निघाली. महिन्यातून दोनदा यायची, आईला सार्वजनिक न्हाणीत घेऊन जायची आणि कातडी लाल होईस्तोवर तिची पाठ घासायची.

"अगं सोलतेस का मला?" दॉकसिम ओरडायची.

"वर्षाचा मळ साठवून ठेवतेस आणि वर माझ्यावरच ओरडतेस," मालसुक म्हणायची.

तर त्या वर्षी बाईंनी विषय दिला, 'माझी मुलगी'. मनात येईल ते सगळं लिहा, कुणी बघणार नाही. दॉकसिम मेजापाशी बसली आणि लिहीत गेली. लिहून झाल्यावर तिनं कागदाची चौपदरी घडी घातली.

तीन दिवसांनी तिनं अक्काला वाचून दाखवलं. सभाघरात नाही, अक्काच्या ओट्यावर, फाटक लावून.

"तिसरी पण मुलगी झाली. सासू बाळंतिणीचं समुद्री शेवाळाचं सूप न करताच निघून गेली. मी पोर चुलीपासून लांब, खोलीच्या थंड टोकाला पालथं घातलं आणि भिंतीकडे तोंड केलं. पोर रडत होतं. मग रडायचं थांबलं. तरी मी वळले नाही. संध्याकाळी हादोंगअक्का विस्तव मागायला आली. तिनं पोर उचललं."

आता जोडीदारणीनं ऐकलेलं परत सांगायचं होतं. पण अक्कानं उठून फाटक लागलंय ना ते पुन्हा बघितलं. छप्पन्न वर्षांत दोघींनी हा विषय एकदाही काढला नव्हता. त्या काळी तसं करणारी दॉकसिम एकटी नव्हती. तिसरी-चौथी मुलगी झाली की पालथी घालायची आणि बघायचं नाही. जगली तर जगली. ज्या घरांत असं घडलं, त्या घरांत त्यावर कुणी बोलत नसे.

"श्वास कुठं अडखळला?" शेवटी अक्कानं विचारलं.

"सगळीकडेच."

"मग सगळंच खोड."

"पण अक्का, तू तिला उचललंस ते? ते तरी कुठंतरी असू दे."

"मी उचललं ते मला ठाऊक आहे, तुला ठाऊक आहे. कागदाला कशाला सांगतेस? उद्या मालसुक वाचेल. वाचता काय तुला एकटीलाच येतं?"

दॉकसिमनं घरी येऊन पुन्हा वाचलं, मालसुक शेजारी बसलीय असं समजून. एका ओळीच्या पुढं जाता येईना. तिनं लाल पेन्सिल घेतली आणि पट्टी लावून एकेक ओळ खोडली. सगळ्या ओळी. आणि खाली नव्यानं लिहिलं: माझी मुलगी महिन्यातून दोनदा येते, माझी पाठ घासते, तिचे हात मोठे आहेत, दुखतं पण मी थांब म्हणत नाही. हे तिनं चार वेळा मोठ्यानं वाचलं. कुठंच अडखळलं नाही. त्या दिवशी ती मोठ्या ताठ मानेनं वर्गात गेली. काय सांगायचं आणि काय पोटात ठेवायचं, हे तिनं पहिल्यांदा स्वतः ठरवलं होतं.

बाईंनी नवा कागद वाचला आणि म्हणाल्या, "छान झालंय, आई. आणि पहिला? तोही द्या ना. किती सुधारणा झाली ते दाखवायला फाइलीत लावून ठेवते."

"तो खोडलाय मी."

"म्हणूनच तर हवाय. दुसरं कुणी बघणार नाही."

आता दुसरी कुणी असती तर फाडून टाकला असता, नाहीतर घरी विसरले म्हणाली असती. पण शाळेचं तोंड न बघितलेल्या त्या बायकांना शिक्षकाचा जो धाक आणि जी माया होती, ती शाळेत शिकलेल्यांना कळायची नाही. बाईंनी मागितलं की द्यायचं. दॉकसिमनं पिशवीतून तो कागद काढला आणि रीतीप्रमाणे दोन्ही हातांनी बाईंना दिला.

नोव्हेंबरात तालुक्याच्या सभागृहात जिल्ह्यातल्या सगळ्या अक्षरवर्गांचं प्रदर्शन होतं. प्रत्येकीचं लिखाण मोठ्या कापडावर छापून, बाजूला चित्र काढून टांगायचं. आठ दिवस आधी बाईंचा फोन आला. आवाज आनंदानं फुटत होता. "आई, पहिलं बक्षीस! आख्ख्या जिल्ह्यात पहिलं!"

"पाठ घासायला बक्षीस?" दॉकसिम म्हणाली. बाई हसल्या, आणि 'आलात की बघा' म्हणाल्या.

दॉकसिमनं मालसुकला कळवलं. मालसुकनं दुकान बंद ठेवलं, केस कुरळे करून घेतले आणि शेवंतीचा भारा घेऊन आली. अक्कालाही गाडीत घेतलं. वाटेत दोघी म्हाताऱ्या शाळेच्या सहलीला निघाल्यासारख्या बडबडत होत्या.

"बक्षीस मिळालं म्हणून आता आमच्याशी बोलशील ना, लेखिकाबाई?" अक्का म्हणाली.

"आधी अर्ज करा," दॉकसिम म्हणाली, "मग बघू."

सभागृहात शिरल्या शिरल्या समोरच्याच भिंतीवर दाराएवढं कापड टांगलेलं होतं. चित्रात दुपट्यात गुंडाळलेलं एक बाळ, मागं मावळता सूर्य. पुढं पाच-सहा बायका उभ्या होत्या आणि त्यातल्या दोघी डोळे पुसत होत्या. दॉकसिम जवळ गेली आणि ओळीवर बोट ठेवून वाचू लागली. ति-स-री पण मु-ल-गी झा-ली. तिला वाटलं, कुणीतरी आपल्यासारखीच आहे बिचारी. मग सासू आली, सूप आलं. थंड टोक आलं. तिनं झटकन खाली बघितलं, तिथं तिचं नाव होतं. तेच नाव, तीन वर्षांपूर्वी फळ्यावर बघितलेलं.

ती मागं वळली. पण तिला एक ओळ वाचायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात मालसुकचं आख्खं पान वाचून होतं. मालसुकचं वाचून झालं होतं. शेवंतीचा भारा तिच्या हातात तसाच होता आणि ती कापडाच्या खालच्या टोकाकडे बघत होती. त्या टोकाशी काय आहे ते दॉकसिमला अजून ठाऊक नव्हतं. तिनं बोट खाली नेलं. 'संध्याकाळी मी वळले. पोर उचलून छातीशी धरलं, आणि आम्ही दोघी रडलो.'

हे तिनं कधी लिहिलं नव्हतं. असं कधी घडलंच नव्हतं.

शेजारी अक्का उभी होती. तीही बोट ठेवून वाचत होती आणि तिचं बोट त्याच ओळीवर थांबलं होतं.

पुढं हार झाले, भाषणं झाली, कुणी साहेबानं दॉकसिमचा हात हातात घेऊन फोटो काढला. तिला काही आठवत नाही. टाळ्या संपल्यावर तिनं बाईंना मधल्या बोळात गाठलं.

"मी ते खोडलं होतं, बाई."

"आई, ऐका ना," बाई तिचे हात धरायला पुढं आल्या. "तुमचं दुसरं लिखाण चांगलंच होतं. पण पाठ घासण्यावर जिल्ह्यात कितीजणींनी लिहिलंय ठाऊक आहे? हे कुणीच लिहिलं नव्हतं. तुम्ही जे खोडलंत तेच सगळ्यात खरं होतं. बघा ना, लोक रडताहेत."

"लोकांचं काय जातं रडायला? माझी पोर आहे तिथं उभी."

"म्हणून तर शेवट बदलला मी! तिला वाईट वाटू नये म्हणून. आणि एवढ्याशा लिखाणात शेजारीण मधेच आली की वाचणाऱ्याचं लक्ष जातं. आईनंच उचललं तर..." बाई थांबल्या. त्यांचेही डोळे भरले होते. "बक्षीस नसतं मिळालं तर पुढच्या वर्षी वर्ग बंद होणार होता, आई. नऊजणी घरी बसल्या असत्या."

"मला विचारायचं होतंत."

"तुम्ही नाही म्हणाला असतात."

"हो," दॉकसिम म्हणाली. "नाही म्हणाले असते."

दॉकसिमला त्या घडीला वाटलं, सासूनं दिला नसेल एवढा दगा हिनं दिला. सासूनं निदान तोंड भरून आई तरी म्हटलं नव्हतं.

परतताना मालसुकनं गाडी शिंपल्यांच्या नूडल्सच्या खानावळीपाशी थांबवली. आधीच ठरलं होतं, म्हणून थांबवली. तिघींपुढं वाफाळते वाडगे आले. कुणी जेवणाच्या काड्या उचलेना.

"आई," मालसुक म्हणाली, "माझं नाव असं का, ते मला पहिलीतच पोरांनी चिडवून चिडवून सांगितलं होतं. त्याचं मला काही नाही. ते दिवसच तसले होते. पण हे वाचलं आणि... मला वाटलं, फुलं तिथंच टाकावीत आणि निघून जावं. पुन्हा तोंड बघू नये तुझं."

दॉकसिमची मान वर होईना.

"शेवटच्या ओळीनं धरून ठेवलं मला. तीनदा वाचली मी ती. तू वळलीस ना गं. उशिरा का होईना, तुझं तुला वाटलं आणि तू वळलीस. मला तेवढं पुरे आहे." तिनं नाक पुसलं. "तूच उचललंस ना मला?"

दॉकसिमनं तोंड उघडलं. खरं सांगायचं तर या पोरीला दुसऱ्यांदा पालथं घालायचं, आणि हो म्हणायचं तर समोर बसलेल्या बाईचे हात, ज्यांनी पोर जगवलं, ते पुसून टाकायचे. तिला दोन्ही जमेना.

"तिनंच उचललं," हादोंगअक्का म्हणाली. "मी विस्तव मागायला आले होते. बघते तर तू हिच्या छातीशी, आणि दोघी भोकाड पसरून रडताय. विस्तव न घेताच परत गेले मी." तिनं मुळ्याच्या लोणच्याची मोठी फोड उचलली आणि मालसुकच्या वाडग्यात टाकली. "खा आता. गार होतंय."

मालसुक रडत रडत जेवली. अक्कानंही वाडगा संपवला. तिनं त्यानंतर दॉकसिमकडे एकदाही बघितलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून भिंतीवरून हाक बंद झाली. अक्का वर्गाला जाईना, दॉकसिमही जाईना. दॉकसिम अक्काच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली, तर आतून "झोपलेय मी" असा ठणठणीत आवाज आला.

बाई दोनदा आल्या. पहिल्यांदा नासपतींची पेटी घेऊन. ती दॉकसिमनं उघडलीच नाही. दुसऱ्यांदा छापायचा कागद घेऊन. सगळ्यांच्या लिखाणाचं पुस्तक निघणार होतं आणि परवानगीला, सहीच्या जागी, तिच्या नावाचा शिक्का हवा होता. मालसुकनं तोवर दहा प्रती सांगून ठेवल्या होत्या, एक दुकानात लावायला. त्या शेवटच्या ओळीला हात लावायची आता सोय उरली नव्हती. दॉकसिमनं कपाटातून शिक्का काढला, लाल शाईत दाबला आणि कागदावर उमटवला.

"आई, तुमचा राग मला समजतो," बाई हळूच म्हणाल्या.

"तुम्ही मला अक्षर शिकवलंत, बाई. ते उपकार मी विसरणार नाही. पण मला पुन्हा आई म्हणू नका."

बाईंनी कागद पिशवीत ठेवला, मग गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

त्या आठवड्यात दॉकसिमनं शेवटचं लिहिलं. कोणी विषय दिला नव्हता. तिनं त्या दिवसाचं सगळं पुन्हा लिहिलं, थंड टोक, भिंत, सगळं, आणि शेवटी अक्कानं पोर कसं उचललं ते पूर्वीपेक्षा लांब लिहिलं. अक्कानं आपल्या अंगरख्याच्या आत त्याला कसं घेतलं, पाठ चोळून रडवलं, आपल्या घरचं शेवाळ आणून सूप रांधलं, आणि 'पाज आता' म्हणून पोर दॉकसिमच्या कुशीत कोंबलं. लाल पेन्सिल लावायची कुठंच गरज पडली नाही. मग भिंतीला वळसा घालून ती थेट अक्काच्या अंगणात गेली.

अक्का चुलाणावर मोठ्या कढईत सोयाबीन शिजवत होती. ते कुटून वर्षाचं आंबवण घालायची तयारी. तिनं मान वर केली नाही.

"ती ओळ मी लिहिली नव्हती, अक्का. बाईंनी लिहिली."

"मला काय ठाऊक कुणी लिहिली? खाली तुझं नाव होतं." अक्कानं कढईत उलथनं फिरवलं. "मला वाचता येतं आता, बोसोंग, म्हणून तर लागलं. पूर्वीसारखी अडाणी असते तर फोटो काढून, नूडल्स खाऊन सुखानं घरी आले असते."

दॉकसिमनं कागद पुढं केला. अक्कानं हात पुसून घेतला, उजेडाकडे धरला आणि मोठ्यानं वाचला. अडखळत, बोट ठेवून, पण अखेरपर्यंत. शेवाळाच्या सुपाची ओळ तिनं दोनदा वाचली. मग पहिल्या ओळीपासून पुन्हा एकदा वाचला.

"चांगलं लिहिलंयस," ती म्हणाली. "माझं शेवाळ होतं ते तुला आठवतंय अजून."

आणि तिनं कागदाची घडी घातली, खाली वाकली आणि तो चुलाणात सारला.

"अक्का! एकच होता तो!"

"म्हणूनच. मालसुक तुझ्या घरचा कानाकोपरा झाडते. आज ना उद्या तिच्या हाती लागला असता." अक्कानं पाट पायानं तिच्याकडे सरकवला. "पुन्हा लिहू नकोस हे. बस आता."

दॉकसिम बसली. शेंगदाण्याएवढे दाणे कढईत वरखाली होत होते आणि अक्का पुन्हा तिच्याशी बोलत होती, तरी तिचं मन थाऱ्यावर येईना. तिला नामबाईंचा इतका राग कधीच आला नव्हता, बक्षिसाच्या दिवशीसुद्धा नाही. त्यांनीच तिला लिहायला शिकवलं होतं, आणि सगळ्या जन्मात लिहून ठेवावी अशी जी एकच गोष्ट तिच्यापाशी होती, ती आता तिला कधीच लिहिता येणार नव्हती.